कालव्यातून नदीत उतरताना

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, कालवा म्हटलं की आपल्याला ऊस आठवतो. पाटकरी आठवतो, पाणीपाळीवरून झालेली भांडणं आठवतात. इंग्लंडमधला कालवा मात्र शेतासाठी खणलेला नाही, तो बोटींसाठी खणलेला आहे. रेल्वे यायच्या आधी कोळसा, माती, चिनी मातीची भांडी, मीठ हे सगळं तिथे कालव्यातून जायचं. काठावरून घोडा चालायचा, त्याच्या मागे दोराने बांधलेली बोट. १७६१ मध्ये ब्रिजवॉटर कालवा सुरू झाला आणि पुढची साठ-सत्तर वर्षं कुदळ-फावड्यांनी अख्खा देश खणून काढला गेला. आता माल जात नाही, हौशी माणसं जातात. काही जण तर बोटीतच संसार करतात. इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे दोन हजार मैलांचे कालवे आणि नद्या २०१२ पासून एक धर्मादाय न्यास सांभाळतो.

हे सगळं मला माहीत असण्याचं कारण साधं आहे. माझी बहीण लग्न होऊन बर्मिंगहॅमला गेली. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, तिथेच जन्मला, तिथेच वाढला आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर त्याने घर मोठं करण्याऐवजी एक जुनी नॅरोबोट विकत घेतली. बहिणीने फोनवर माझ्याकडे तक्रार केली, “आपले बाबा जन्मभर खाडीत झिजले, आणि हा हौसेने पैसे देऊन पाण्यात जातो!” २०२३ च्या मे महिन्यात मी तिकडे गेलो, तेव्हा भाचा म्हणाला, “मामू, आठ दिवस माझ्याबरोबर बोटीवर चला. नॉटिंगहॅमपर्यंत जाऊन येऊ.” मी म्हटलं, चला.

नॅरोबोट हा प्रकार आधी सांगायला हवा, कारण पुढचं सगळं तिच्या बांधणीवर अवलंबून आहे. इंग्लंडच्या मध्यभागातल्या बऱ्याच कालव्यांवरचे लॉक जेमतेम सात फूट रुंद. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद. बोट आत घ्यायची, पाणी भरायचं किंवा सोडायचं आणि बोट एक पायरी वर नाहीतर खाली न्यायची. त्या सात फुटांत मावेल अशी बोट, म्हणून ती सात फुटांहून थोडी कमी रुंद आणि लांबीला मात्र सत्तर फुटांपर्यंत. भाच्याची सत्तावन्न फुटांची होती. रेल्वेचा डबा पाण्यात सोडलाय असं वाटतं. तळ सपाट, कडा पाण्यापासून फार उंच नाहीत, वजन कित्येक टन. चालवणारा उभा राहतो मागच्या टोकाला, सुकाणूचा दांडा धरून, आणि बोटीची नाळ त्याच्यापासून पन्नास-पंचावन्न फूट पुढे.

कालव्यात या बोटीला काहीही होत नाही. वेगाची मर्यादा ताशी चार मैल, म्हणजे तरतरीत चालणारा माणूस काठावरून बरोबरीने जाऊ शकतो. खोली बहुतेक ठिकाणी तीन-चार फूट. पाण्यात पडलात तर काय करायचं, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. भाचा म्हणाला, “उभं राहायचं, मामू.” इंजिन बंद पडलं तर बोट जिथल्या तिथे उभी राहते. चहा करावा, प्यावा, मग इंजिनाकडे बघावं. ही ऐट फार सुखाची असते आणि माणसाला बिघडवते. वीस वर्षं कालव्यात बोट चालवलेला माणूससुद्धा नदीच्या दृष्टीने नवशिकाच असतो, हे मला तिथे कळलं. कारण वीस वर्षांत पाणी त्याच्याशी एकदाही वागलेलं नसतं. तोच पाण्यात वागत असतो.

आम्ही निघालो शार्डलोहून. डर्बीशायरमधलं हे लहानसं गाव. ट्रेंट अँड मर्सी कालवा इथून जेमतेम मैलभर पुढे ट्रेंट नदीला मिळतो. हा कालवा १७७७ मध्ये पुरा झाला. ज्याने तो आखला तो जेम्स ब्रिंडली १७७२ मध्येच वारला, त्याला पूर्ण झालेला बघायला मिळाला नाही. शार्डलोला नदीतल्या मोठ्या होड्या आणि कालव्यातल्या अरुंद बोटी समोरासमोर यायच्या आणि माल एकीतून दुसरीत चढवला जायचा. ती जुनी गोदामं अजून उभी आहेत. त्या काळच्या खलाशांनीही कालव्याची बोट आणि नदीची होडी वेगळी ठेवली होती, हे मला तिथे उभं राहिल्यावर जाणवलं. आता एकच बोट दोन्हीकडे जाते.

आम्ही पोचलो त्याच्या आदल्या दोन दिवसांत पाऊस झाला होता. शार्डलोला लख्ख ऊन. नदीच्या तोंडाशी शेवटचं लॉक आहे, तिथे पाण्याची पातळी दाखवणारी रंगीत पट्टी असते. हिरव्यावर पाणी असेल तर जा. पिवळ्यावर असेल तर नदी चढते आहे, सांभाळा आणि जवळच्या सुरक्षित जागी बोट बांधा. लाल असेल तर निघूच नका. टेम्स नदीवरही अशीच सोय आहे, तिथे लॉकवर पिवळे आणि लाल फलक लावतात. आमच्या पट्टीवर पाणी पिवळ्यावर होतं. भाच्याचा चेहरा पडला. सुट्टी आठच दिवसांची. “ऊन तर पडलंय,” तो म्हणाला. मी कोकणातला माणूस. पाऊस घाटमाथ्यावर पडतो आणि पाणी आमच्या दारात येतं, हे मला कुणी शिकवायला नको. तिथेही तोच हिशेब. डर्वेंट नदी पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांतून येते आणि नेमकी त्याच जागी ट्रेंटला मिळते. वर काय पडलं ते खाली दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतं.

थांबलो. शेजारी एका बोटीवर एक बाई राहत होत्या, सत्तरीच्या पुढच्या. हातात विणकाम. त्यांनी भाच्याला सहज विचारावं तसं विचारलं, “नदीत पहिल्यांदा जातोयस का? नांगर कुठे आहे तुझा?”

नांगर होता! पुढच्या खणात, गॅसच्या सिलिंडरमागे, दोन फुलांच्या कुंड्या आणि एका भिजलेल्या गोणपाटाखाली. साखळी वेगळी, नांगर वेगळा, शॅकल गंजून घट्ट झालेलं आणि दोराचं दुसरं टोक कशालाच बांधलेलं नाही. तो नांगर आम्ही तसाच फेकला असता तर ट्रेंटच्या तळाशी कायमचा राहिला असता, आणि आम्ही वर.

त्या बाईंनी आणखी दोन प्रश्न विचारले. एक, पंख्यावरच्या झाकणाचा. नॅरोबोटीत पंख्याच्या बरोबर वर, आतून उघडता येणारी एक चौकोनी विहीर असते. कालव्यात पंख्यात गवत, प्लास्टिकच्या पिशव्या, कधी कुणाची जुनी साडीसुद्धा अडकते, ते हात घालून काढायला. (साडी हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, बर्मिंगहॅममध्ये.) त्या विहिरीचं झाकण नीट कसलेलं नसेल, तर पंखा जोरात फिरायला लागला की पाणी उसळून बोटीत येतं. कालव्यात इंजिन मंद चालतं, तेव्हा ढिलं झाकण चालून जातं. नदीत इंजिनाला जोर लावावा लागतो, तेव्हा चालत नाही. दुसरा प्रश्न डिझेलच्या टाकीचा. तळाशी गाळ साचलाय का, पाणी धरलंय का? कालव्यात टाकी हलत नाही, त्यामुळे गाळ खाली निपचित पडून राहतो. नदीत बोट डुलली, इंजिन जोरात ओढायला लागलं की तो वर येतो आणि फिल्टरमध्ये बसतो. भाच्याने झाकण तपासलं, त्याची पट्टी बदलली. टाकीबद्दल मात्र तो म्हणाला, “मागच्याच वर्षी भरलीय.” बाईंनी विणकाम पुढे चालू केलं.

नांगराचं काम आम्ही दुपारभर केलं. हे मला थोडं सविस्तर सांगू द्या, कारण ते माझं काम होतं. नांगर म्हणजे जड वस्तू, ती तळाशी टाकली की बोट थांबते, असा लोकांचा समज असतो. नांगर वजनाने नव्हे, नख्यांनी धरतो. भाच्याचा नांगर दोन चपट्या फाळांचा होता. ते फाळ तळाच्या मातीत रुतायचे तर ओढ आडवी लागली पाहिजे. दोर उभा राहिला की फाळ निघून येतात. म्हणून नांगराला आधी काही फूट साखळी जोडायची. साखळी स्वतःच्या वजनाने तळाशी पडून राहते आणि ओढ आडवी करते. तिच्यापुढे दोर, तोही भरपूर. पाणी दहा फूट असेल तर पन्नास-साठ फूट तरी सोडता आला पाहिजे. दोराचं शेवटचं टोक बोटीच्या मजबूत खुंट्याला, आणि दोर अशा वेटोळ्यात ठेवायचा की न अडकता सुटेल.

माझे वडील वाशिष्ठीच्या खाडीत तरीवर तांडेल होते. त्यांचा नांगर चार नख्यांचा, पण नियम हाच. रोज पहाटे दोर सोडण्याआधी ते बिस्मिल्ला म्हणायचे आणि म्हणता म्हणता हाताने नांगराचा दोर चाचपायचे. लहानपणी मला वाटायचं की हे दोन्ही मिळून एकच प्रार्थना आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी हिरव्यावर उतरलं. आम्ही लाइफ जॅकेट चढवली. कालव्यात ती बाकाखाली पडून होती. सुकाणूवर भाचा, नाळेवर मी.

कालव्याच्या तोंडातून नाळ बाहेर पडली आणि पहिला धक्का तिथेच बसला. बोटीचा पुढचा भाग वाहत्या पाण्यात, मागचा अजून निवांत पाण्यात. नदी नाळेला धरून खाली वळवते आणि पन्नास फूट मागे उभ्या असलेल्या माणसाला ते क्षणभर उशिरा कळतं. इथे वेग कमी करायचा नसतो, वाढवायचा असतो. कालव्यातला माणूस घाबरला की हात गॅसवरून काढतो. ती त्याची सवय असते, आणि कालव्यात ती बरोबरही असते. नदीत इंजिनाचा जोर गेला की सुकाणूही गेलं. सुकाणू चालतं ते त्याच्यावरून पाणी जातं म्हणून. बोट पाण्याबरोबरच वाहायला लागली तर सुकाणूचा दांडा कितीही फिरवा, उपयोग नाही.

हा हिशेब एकदा मनात बसला की बाकीचं समजतं. समजा, बोट पाण्यात ताशी तीन मैल जाते आणि नदी ताशी दोन मैल वाहते. प्रवाहाबरोबर निघालात तर काठ पाच मैलांच्या वेगाने मागे जातो, उलट आलात तर एक मैलाने. बोट तीच, इंजिन तेच. म्हणून प्रवाहाबरोबर जाताना प्रत्येक गोष्टीला उशीर होतो. पूल लवकर येतो, वळण लवकर येतं, थांबायला मात्र जास्त जागा लागते. म्हणूनच पुलाखालच्या कमानीत समोरासमोर आलात तर वरून खाली येणाऱ्या बोटीला वाट द्यायची रीत आहे, तिला थांबता येत नाही. उलट, प्रवाहाविरुद्ध जाणारी बोट जवळजवळ जागच्या जागी उभी करता येते. पहिल्यांदाच नदीवर जाणाऱ्याने शक्य असेल तर आधी वरच्या दिशेला जावं, असं मला वाटतं. आम्हाला शक्य नव्हतं.

काठाला लागायचं असेल तेव्हाही हेच. प्रवाहाबरोबर येता येता बोट काठाला लावायला जाऊ नये. नाळेचा दोर आधी बांधला गेला तर पाणी मागचं टोक धरून अख्खी बोट फिरवतं. नदीत उलट वळायचं, तोंड वरच्या दिशेला करायचं आणि मग हळूहळू काठाकडे सरकायचं. आधी नाळेचा दोर, मग मागचा. वळण्यासाठीही जागा आधीच हेरून ठेवायला हवी, कारण सत्तावन्न फूट बोट आडवी होते तेवढा वेळ नदी तिला खाली नेतच असते. आणि बांधल्यावर दोर कालव्यातल्यासारखे ताणून ठेवायचे नाहीत. रात्रीतून पाणी दोन फूट उतरलं किंवा चढलं तर ताणलेला दोर बोट कलंडवतो.

नदी ओलांडायची असेल तर समोरच्या जागेकडे नाळ धरू नये, तिच्या बऱ्याच वर धरावी. बोट तिरकी सरकत बरोबर जागेवर येते. हे भाच्याला एका पुस्तकात वाचून माहीत होतं. मी ते वडिलांच्या तरीवर बसून पाहिलेलं होतं. ओहोटीला ते होडीचं तोंड धक्क्याकडे कधीच करायचे नाहीत. नवे उतारू ओरडायचे, “अहो, धक्का तिकडे राहिला!” आम्ही कवी लोक नदीला आई म्हणतो, प्रेयसी म्हणतो, काळाचा प्रवाहही म्हणतो. वडील तिला नुसतं ‘पाणी’ म्हणायचे. “पाणी कुठे चाललंय ते बघ,” एवढंच.

तर आम्ही चाललो होतो. मोटरवेचा पूल गेला. पुढे नदी दोन वाटांनी जाते. एक बंधाऱ्याकडे, दुसरी सॉलीच्या लॉककडे. ट्रेंटसारख्या नदीवर हे जागोजागी आहे. पाणी अडवायला बंधारा घातला की बोटींसाठी त्याच्या बाजूने लहान कालवा काढायचा आणि त्यात लॉक. म्हणजे सुरक्षित वाट आणि धोक्याची वाट अगदी शेजारीशेजारी, आणि पाण्याचा ओढा धोक्याच्या वाटेकडे जास्त. बंधाऱ्याच्या वर सूचनाफलक असतात, तरंगती पिंपं ओवलेली असतात. पण वरून येताना बंधारा दिसत नाही. दिसते ती फक्त पाण्याची एक सरळ रेघ, जिच्या पलीकडे काही नाही.

सॉली पार केलं. पुढे ट्रेंट लॉक नावाची जागा येते. तिथे डावीकडून एरवॉश कालवा येतो, उजवीकडून सोर नदी येते, पुढे क्रॅनफ्लीटचा लहान कालवा सुरू होतो आणि नदीचं मुख्य पाणी थ्रम्प्टनच्या बंधाऱ्याकडे जातं. मोठा उघडा डोह. समोर रॅटक्लिफच्या वीजकेंद्राचे आठ प्रचंड मनोरे. ते केंद्र २०२४ च्या सप्टेंबरअखेर बंद झालं. कोळशावर वीज करणारं ब्रिटनमधलं ते शेवटचं. मी त्या मनोऱ्यांकडे बघत होतो. तेवढ्यात इंजिनाचा आवाज बदलला. दोनदा अडखळलं, एकदा जोरात ओढलं आणि बंद.

श्रोतेहो, इतकी शांतता मी क्वचित ऐकली असेल. पक्षी ऐकू येत होते. बोट सुंदर तरंगत होती, आणि काठावरची झाडं मागे जात होती. मागून भाच्याचा आवाज आला, “मामू, नांगर!”

आदल्या दिवशी आम्ही ठरवून ठेवलं होतं की नांगर नाळेवरून टाकायचा. मागून टाकला तर पाण्याचा सगळा जोर बोटीच्या मागच्या भागावर येतो, आणि तिथे कडा सगळ्यात खाली असते, इंजिनाच्या हवेची भोकंही तिथेच असतात. नाळेवरून टाकला तर बोट गर्रकन फिरते, आडवी होते, आणि शेवटी वरच्या दिशेला तोंड करून स्थिर होते. कागदावर हे फार सोपं आहे. मी नांगर उचलला आणि फेकणार, तेवढ्यात खाली पाहिलं, तर दोराच्या एका वेटोळ्यात माझाच डावा पाय. पंचावन्न वर्षांचा माणूस एका पायावर नाचला. पाय काढला, नांगर सोडला. साखळी खडखडत गेली, मग दोर. पहिल्यांदा काहीच झालं नाही. नांगर तळावरून घसटत येत होता, त्याची थरथर दोरातून हाताला कळत होती. मी आणखी दोर दिला. त्या क्षणी मनाला दोर आवळावासा वाटतो, आणि सोडायचा असतो. मग एक हिसका बसला. खुंटा करकरला. बोट आडवी झाली, सगळी कपाटं आतून उघडली, भांडी पडली. आणि ती फिरली, हळूहळू नाळ वर करून उभी राहिली. दोन्ही बाजूंनी पाणी जात होतं. आम्ही जात नव्हतो.

मागे वळून पाहिलं. तरंगती पिंपं अजून लांब होती. किती लांब, यावर भाच्याचं आणि माझं आजही एकमत नाही. तो म्हणतो दोनशे यार्ड. माझ्या आठवणीत ती दरवर्षी जवळ येतायत.

फिल्टर काढला तेव्हा त्यात काळ्या साईसारखा गाळ होता. सुदैवाने नवा फिल्टर खणात होता. तो बसवून, डिझेलच्या नळीतली हवा काढून इंजिन पुन्हा सुरू व्हायला चाळीस मिनिटं लागली. मी तेवढा वेळ नाळेवर दोराला हात लावून बसलो होतो. नांगर वर घ्यायलाही युक्ती लागते. आधी इंजिनाने बोट पुढे न्यायची, दोर ढिला करत नांगराच्या डोक्यावर यायचं आणि मग उचलायचं. नुसत्या हातांनी ओढून येत नाही. भाचा मागून हळूहळू बोट पुढे घेत होता आणि दर मिनिटाला विचारत होता, “मामू, सुटला?”

नॉटिंगहॅमला पोचलो. ट्रेंट ब्रिजचं क्रिकेटचं मैदान नदीपासून हाकेच्या अंतरावर आहे, ते मला बघायचं होतं, बघितलं. पण त्याहून जास्त मला आणखी एक जागा बघायची होती, म्हणून भाच्याने एक दिवस भाड्याची मोटार काढली आणि आम्ही नेवार्कच्या पुढे क्रॉमवेलला गेलो. क्रॉमवेलच्या लॉकखाली ट्रेंटला भरती-ओहोटी लागते. तिथून नदी हंबरच्या मुखाला मिळते ते अंतर पाण्याने बावन्न मैल. बावन्न मैल आत समुद्राचा श्वास पोचतो. उधाणाच्या दिवसांत कधी कधी खालच्या पात्रात भरतीची लाट उलटी चढत येते, तिला तिथे ‘एगिर’ म्हणतात. बंगालमध्ये हुगळीतही अशी लाट येते.

क्रॉमवेलच्या लॉकजवळ एक स्मारक आहे. २८ सप्टेंबर १९७५ च्या रात्री ब्रिटिश सैन्याच्या अभियंता दलातल्या एका पॅराशूट तुकडीतले जवान सरावासाठी बोटीने खाली चालले होते. स्वयंसेवक सैनिक, एरवी आपापल्या नोकऱ्या करणारे. हवा वाईट होती आणि वीज गेल्यामुळे बंधाऱ्यावरचे दिवे बंद होते. त्यांची बोट अंधारात बंधाऱ्यावरून खाली गेली. दहा जण बुडाले. नावं दगडावर कोरलेली आहेत. भाचा ती सगळी नावं वाचून होईपर्यंत उभा होता. मी तोवर बंधाऱ्याचा आवाज ऐकत होतो. खालून तो खूप मोठा येतो. वरच्या बाजूला जाऊन ऐकलं, तर तिथे जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं.

बंधाऱ्याखाली पाणी जागच्या जागी उलटं फिरत राहतं. त्यात सापडलेली लाकडं, पिंपं तासन् तास तिथेच गरगरतात, बाहेर येत नाहीत. माणसाचंही तसंच होतं. चांगलं पोहता येणं तिथे कामाला येत नाही.

परतीचा प्रवास प्रवाहाविरुद्ध. जी वाट जाताना भर्रकन गेली होती, तिला येताना दुप्पट वेळ लागला. पण हात निवांत होते. वळणाच्या आतल्या बाजूला पाणी मंद असतं, तिथून चढायचं. मात्र अगदी काठाला जायचं नाही, कारण तिथे गाळ साठलेला असतो. भाचा ते आता न सांगता करत होता. ट्रेंट लॉकच्या डोहात आलो तेव्हा तो काही बोलला नाही, फक्त एकदा नाळेकडे बघितलं. मी नांगराशेजारीच बसलो होतो, दोन्ही पाय दोराच्या बाहेर.

शार्डलोला त्या बाई नव्हत्या, त्यांची बोट पुढे गेली होती. भाच्याने त्या आठवड्यात टाकी रिकामी करून घेतली. तळातून दोन बादल्या निघाल्या, त्यातली अर्धी बादली नुसतं पाणी.

आता त्याला क्रॉमवेलच्या खाली जायचंय, टॉर्क्सीपर्यंत. भरतीचं पाणी. तिथे मरिन रेडिओ बरोबर असलेला बरा, नदीचे नकाशे लागतात, आणि आपल्या सोयीने निघता येत नाही. अध्येमध्ये बोट बांधायला जागा फारशा नाहीत. त्याने मला यायला सांगितलंय, “मामू, भरती-ओहोटी तुम्हाला कळते.” मी म्हटलं, मला वाशिष्ठीची कळते. तारीख अजून ठरलेली नाही. ती लॉककीपर सांगेल.